माझ्या पाठीवर पाय दे

आपल्याकडे कुणाला चुकून पाय लागला की वाकून त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात स्वतःच्या छातीला किंवा कपाळाला न्यायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. नुकतं चालायला लागलेलं पोरसुद्धा घरातल्या मोठ्यांचं बघून करतं. या रीतीशी माझं कधी वाकडं नव्हतं. मीही आयुष्यभर तेच केलं. पण नाटकाच्या वर्गाला जायला लागले आणि त्या रीतीचा मला इतका संताप यायला लागला की कधी कधी वाटायचं, या पोरांचे हात धरून ठेवावेत.

मी बुऱ्हाणपुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवते. वडील महाराष्ट्रातून इथून जवळच्या कागद गिरणीत नोकरीला आले आणि आम्ही इकडचेच झालो. ते गेल्यावर मी आणि आई बुऱ्हाणपुरात घर घेऊन राहिलो. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, नाशिकला राहणाऱ्या माझ्या भावालासुद्धा दिलेलं नाही. आईचं शेवटचं दुखणं फार लांबलं. तिला उठवणं, कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, सगळं माझ्याच हातांनी झालं. ती गेली तेव्हा बायका म्हणाल्या, "सुटलीस बाई." मला कामातून सुटका मिळाली हे खरंच होतं. पण त्यानंतर मला माणसाचा हात लागणंच बंद झालं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. भाजीवाला सुटे पैसे तळहातावर ठेवायचा, तोही आता फोनवर पैसे घेतो. शाळेत मुली वाट सोडून भिंतीला चिकटून उभ्या राहतात. दिवसभरात शंभर माणसं मला नमस्कार करतात आणि त्यातलं एकही माझ्या जवळ येत नाही.

वर्गाचा कागद शाळेच्या फाटकाशेजारीच चिकटवलेला होता. अभिनय शिका, वयाची अट नाही. शनवारा भागात एका लग्नाच्या हॉलमध्ये, दर रविवारी सकाळी. मला वाटलं संवाद पाठ करायला देतील, पाठांतर माझं चांगलं आहे. पहिल्याच दिवशी कळलं की इथे तोंड उघडायचंच नाही. शिकवणारा मुलगा इथलाच, भोपाळला नाटक शिकून परत आलेला, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. पोरं त्याला भैया म्हणत, मग मीही म्हणू लागले. तो हिंदीत म्हणाला, "ज़ुबान को आराम दो. शरीर से बोलो." शेजारच्या गल्लीतले पॉवरलूम इतके खडखडत होते की जिभेला आराम देण्यावाचून दुसरा इलाज नव्हताही.

मी भाच्यासाठी हवी आहे असं दुकानदाराला सांगून ट्रॅक पँट आणली होती. ती घालून घरातून निघायची लाज वाटायची, म्हणून वरून सलवारीवरचा लांब कुर्ता. वर्गात कॉलेजची पोरंपोरी, त्यातल्या दोघी माझ्याच शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी. आम्ही हॉलभर चालायचो, जिथे जागा रिकामी दिसेल तिकडे वळायचो, एकदम थांबायचो. समोरच्याचा आरसा व्हायचो. पाठीला पाठ लावून, हात न टेकता, एकमेकांच्या जोरावर जमिनीवरून उठायचो. माझं शरीर सुरुवातीला एखाद्या लाकडी बाकासारखं होतं, पण मला ते सगळं आवडलं. आपल्याला पाठ आहे, कंबर आहे, हे मी विसरूनच गेले होते.

अडचण एकच होती. मला कुणी अंग टेकत नव्हतं. पाठीला पाठ लावताना माझा जोडीदार पोरगा वीतभर अंतर ठेवून बसायचा. "मैडम, आप आराम से," असं म्हणायचा आणि स्वतःच्या पायांवर उठायचा. मग मी मागे पडायचे. धावताना कुणाचा पाय मला लागला की खेळ तिथे थांबलाच. तो पोरगा वाकणार, माझ्या पायाला हात लावणार, तो हात छातीला नेणार, "सॉरी मैडम" म्हणणार. एकदा एकाचं कोपर माझ्या बरगडीत बसलं तर अख्खा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला आणि कुणीतरी पंखा माझ्याकडे वळवला. ही पोरं एकमेकांना ढकलत, एकमेकांवर आदळत, एकमेकांच्या मांडीवर डोकी ठेवून पडत. माझ्याशी आली की त्यांचं अंग आखडायचं.

मी भैयाला म्हटलं, "यांना सांगा, मला मॅडम म्हणू नका."

"बिलकुल, मैडम," तो म्हणाला.

पावसाळा सरल्यावर भैयाने एक छोटा प्रयोग बसवायला घेतला. वर्गात निंबोल्याची एक मुलगी होती, कॉलेजला बसने यायची, घरची केळीची शेती. तिने एकदा हातवारे करत सांगितलं होतं की वादळात त्यांची केळीची सगळी बाग आडवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिचे वडील त्या आडव्या खोडांवरून चालत विहिरीपर्यंत गेले. खाली पाय ठेवायला जमीनच दिसत नव्हती. खोडं पायाखाली फुटायची आणि पाणी निघायचं. भैयाने तेच धरलं. आम्ही सगळे केळी. आधी उभे, मग वारा, मग एकेक करत आडवे, पालथे, एकाला एक लागून. आणि ती मुलगी आमच्या पाठींवरून चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार. पाय कुठे द्यायचा हे त्याने नीट शिकवलं. कण्यावर कधीच नाही, खांद्याच्या पात्यावर द्यायचा, पूर्ण तळवा टेकवायचा. खाली पडलेल्याने श्वास सोडून पाठ सैल ठेवायची.

मी शेवटच्या टोकाला होते. ती सगळ्यांच्या पाठींवरून आली, माझ्यापाशी आली, आणि खाली उतरून माझ्या बाजूच्या फरशीवरून निघून गेली. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मी उठून बसले आणि तिला चांगली झापली. "तुझ्या बागेत एक केळ उभी राहिली होती का?" झापल्याबरोबर ती हात मागे बांधून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "नाही मॅडम." मी कपाळाला हात लावला. जितकी मी रागवायचे तितकी मी मॅडम होत जायचे.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी तिला मावा जिलेबी खायला घेऊन गेले. म्हटलं, गोडीने विचारून बघू.

"माझ्या पाठीवर पाय द्यायला तुला काय होतं गं?"

"तुम्ही मोठ्या हायेत ना मॅडम. पाप लागीन."

"मग बाकीच्यांच्या पाठीवर देतेस ते?"

"ते तर दोस्त लोक हायेत," ती हसून म्हणाली.

ती अगदी सहज बोलली, तिच्या मनात काही नव्हतं. मी हातातली जिलेबी ताटलीत ठेवली. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "मी तुला परवानगी देते."

"तुमची परवानगी आहे मॅडम. पन प्रयोगाले माही माय समोर बसेल राहीन. ती मले मारून टाकीन."

पुढच्या रविवारी भैयानेच तोड काढली. "मैडम, आप दादी बन जाइए. दरवाज़े में दीया लेकर खड़ी रहिए. बहुत सुंदर लगेगा." सगळ्या पोरांनी माना डोलावल्या, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी नाही म्हटलं. मी आडवीच पडणार. भैयाला वाटलं असेल, बाई हट्टी आहे. आहेच. पण हातात दिवा घेऊन दारात उभं राहणं मला घरी रोज जमतं, त्यासाठी नाटकाच्या वर्गाला कशाला यायचं? मला कुणाचं तरी वजन हवं होतं. पूर्ण वजन, हातचं न राखता. हे मी कुणाला सांगणार होते? गणिताच्या बाईने असं काही मागायचं नसतं.

प्रयोग त्याच हॉलमध्ये होता, नवरानवरीला बसवतात त्या चौथऱ्यावर, संध्याकाळी. खुर्च्यांवर पोरांचे आईबाप, भावंडं, आज्या. माझं कुणी यायचं नव्हतं. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अरे वा, व्हिडिओ पाठव." निंबोल्याहून तिची आई आली होती, पुढच्याच रांगेत बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी.

माझी जागा भिंतीजवळ होती. मी आणि भिंत यांच्यामध्ये थोडी फरशी मोकळी राहायची आणि ती त्याच फरशीवर उतरायची. हे मी सगळ्या तालमींत बघून ठेवलं होतं. वारा सुरू झाला, पोरं कोसळू लागली, माझी पाळी आली. मी ठरल्यापेक्षा एक लोळण जास्त घेतली आणि थेट भिंतीला जाऊन लागले. शेजारचा पोरगा बिचकला, पण आता त्यालाही सरकणं भाग होतं. तो मला येऊन चिकटला. खाली पाय ठेवायला कुठेच जागा उरली नाही.

मी पालथी होते. डोळ्यांसमोर फरशी, चौथऱ्यावर कधीकाळी उधळलेल्या अक्षतांचे दोनचार दाणे, धुळीचा वास. मला तिची पावलं ऐकू येत होती. प्रत्येक पाठीवर पाय पडला की त्या पोराचा श्वास हं करून बाहेर पडायचा. तो आवाज जवळ येत गेला आणि माझ्या शेजारच्या पाठीवर येऊन थांबला. मान वळवली तेव्हा मला तिचे घोटे दिसले. पायाची बोटं आखडलेली होती. ती भिंतीकडे बघत असणार. मग समोर, आईकडे. लोकांना वाटलं हे नाटकातच आहे.

आपण लेकरू कोंडीत पकडलं, असं वाटलं. ती मागे फिरली असती तरी मी तिला दोष दिला नसता. 'दे गं' म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण बोलले असते तर ती मॅडमची आज्ञा झाली असती. मी श्वास सोडला आणि पाठ सैल केली. मला एवढंच करता येत होतं.

आधी नुसता तळवा टेकला. गार, घामेजलेला. मग तिने दुसरा पाय उचलला आणि ती अख्खी माझ्यावर आली. उजव्या पात्यात कळ गेली, गाल फरशीवर दाबला गेला, माझा श्वास बाकीच्यांसारखाच हं करून बाहेर पडला. ती दोन्ही पायांवर उभी राहिली, तोल सावरला, तिचे पाय थरथरत होते आणि ती थरथर माझ्या बरगड्यांत उतरत होती. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने भिंतीलगतच्या, चौथऱ्यावरून उतरायच्या पायरीवर उडी घेतली आणि माझी पाठ हलकी झाली.

टाळ्या वाजल्या. आम्ही उठून रांगेत उभे राहतोय तोवर तिची आई चौथऱ्यावर चढून आली. चेहरा लाल झालेला.

"अवो मॅडम, माफी करा. पोरीनं तुमच्या अंगावर पाय दिला. हिले काही समजत नाही." आणि लेकीचा दंड धरून म्हणाली, "पड पाया. पड आधी."

मी "अहो, नाटक होतं" म्हणेपर्यंत ती मुलगी माझ्या पायांशी होती. ते बघून शेजारच्या पोराला वाटलं, हे करायचं असतं. तोही वाकला. मग पुढचा. एकेक करत सगळा वर्ग माझ्या पाया पडला, शेवटी भैयासुद्धा, आणि लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढले. मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते, "सुखी राहा" म्हणत होते. पोरं मनापासून वाकत होती, त्यांच्यावर रागवायलाही जागा नव्हती. जाताना ती मुलगी हळूच माझ्याजवळ आली.

"जास्त जोरानं दिला का मॅडम?"

"नाही गं," मी म्हटलं. ती हात जोडून आईबरोबर बसकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या पात्याखाली ठणकत होतं. बाम घेतला, पण हात तिथपर्यंत पोचेना. काही उमटलंय का बघावं म्हणून आरशाकडे पाठ केली, मान वळेना. फोन खांद्यावरून मागे धरून फोटो काढला, तो हलला. त्यात नुसती कातडी दिसत होती, नीट काही कळेना. कुणीतरी मागे उभं राहून 'हो, लाल झालंय' एवढंच सांगायला हवं होतं. मी फोटो पुसून टाकला आणि शाळेत गेले.

स्टाफरूममधल्या लाकडी खुर्चीला मागे एक आडवी पट्टी आहे. तिला ती जागा दाबली की कळ यायची. मी तासांच्या मधे येऊन दाबायचे. हिंदीच्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पाठ दुखते." त्या म्हणाल्या, "वय झालं आता आपलं." मी हो म्हटलं. सोमवारी दुखलं, मंगळवारी दुखलं, बुधवारी जोर लावून दाबल्यावर थोडंसं.

गुरुवारी सकाळी उठले आणि पाठ भिंतीला दाबून पाहिली. पुन्हा दाबली. कुठेच काही दुखलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळेपर्यंत ओटा धरून रडले.