गोठलेल्या दुधाला वास नसतो

दूध सांडलं की ओग्दो आधी सांडणाऱ्याकडे बघायची नाही, जमिनीकडे बघायची. किती वाचवता येईल ते बघून झालं की मग ती सांडणाऱ्याकडे वळायची, आणि मग त्याची धडगत नसायची. नवरा बाहिलाय तर दुधाचं भांडं दिसलं की वाट वाकडी करून जायचा.

का नसावं तिला दुधाचं एवढं? आमच्या अम्गा नदीकाठच्या गाई उन्हाळ्यात काय देतील ते देतात. डिसेंबर लागला की ज्या आटतात, त्या थेट वासरू होईपर्यंत. मधले महिने काय प्यायचं? म्हणून थंडी पडली रे पडली की ओग्दो ताजं दूध खोलगट ताटल्यांत ओतायची, प्रत्येकीत मधोमध एक काडी उभी करायची आणि ताटल्या अंगणात मांडायची. बघता बघता भाकरीएवढी पांढरी चकती तयार, वर पिवळसर सायीचा थर, धरायला काडी. कोठारात रचून ठेवली की वसंतापर्यंत बघायला नको. लागेल तेवढा तुकडा सुरीने फोडायचा, उरलेली चकती परत जागेवर.

त्या वर्षी मात्र गवत कमी आलं होतं. दोन गाईंना पुरणार नव्हतं. बालवाडीने हिवाळाभर ओग्दोच्या चकत्या घेतल्या तर गावसमिती बदल्यात गवत देणार होती. नाही घेतल्या तर शनिवारी किरिनास कापायची, हे ठरलेलं होतं. किरिनास म्हणजे तिची पांढरीशुभ्र गाय. "नोव्हेंबरात सगळेच कापतात, त्यात काय रडायचं?" असं ओग्दो चारचौघींत म्हणायची आणि गोठ्यात गेली की किरिनासच्या मानेला कपाळ टेकून उभी राहायची.

बालवाडीची मुख्य लुईझा अफानास्येव्ना शहरात शिकून नुकतीच आलेली. सोविएत सरकार जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मदत म्हणून आलेली परदेशी दूधभुकटीची पोती तिच्या खोलीत थप्पी लावून पडली होती. जवळजवळ फुकट, वर दोन वर्षं टिकणारी. फक्त पोरं ती पीत नव्हती. अर्धा पेला तसाच ठेवून उठायची आणि स्वयंपाकीण आकुलिना तो कुत्र्यांपुढे ओतायची.

"बारा चकत्या आणून द्या, येगोरोव्ना," लुईझा ओग्दोला म्हणाली होती. "उद्याच्या न्याहारीला घालून बघू. पण एक जरी तक्रार आली, तरी भुकटीच. मग मला काही म्हणायचं नाही."

त्या संध्याकाळी ओग्दोने निवडून बारा चकत्या घसरगाडीवरून पोचवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून उजाडायचं होतं तेव्हा, ती चहापुरतं दूध फोडायला कोठारात गेली. बाहेर तापमान उणे सत्तेचाळीस. तिने कंदील फळीवर ठेवला आणि तिथेच थबकली.

फळी ओली होती.

एवढ्या थंडीत ओलं काय राहणार? पाणी नाही, दूध नाही. तिने कंदील वर धरला. वरच्या फळीवर बाहिलायचा पेट्रोलचा डबा आडवा पडला होता, बर्फ कापायच्या मोटर-करवतीचा. झाकण सैल. थेंब थेंब करत ते खालच्या चकत्यांवर उतरलं होतं.

तिने नाक लावलं. काही नाही. त्या गारठ्यात कशालाच वास येत नाही, आणि नाकही कामातून गेलेलं असतं. वितळल्यावर काय ते कळणार. घाईघाईत तिने सुरीने चकतीचा कीस काढला आणि तसाच सुरीवरून जिभेवर घेतला. सुरी जिभेला चिकटली! पन्नास वर्षांची बाई, या थंडीत जन्मलेली, आणि पोरासोरांसारखी चूक करून बसली. तिने हिसका दिला तशी जिभेची साल निघून आली. रक्ताच्या चवीमागून पेट्रोलची चव आली.

दुसरी चकती चांगली. तिसरी खराब. चौथी, पाचवी चांगली. दहावीपर्यंत तिची जीभ लाकूड झाली होती. आणि कालच्या बारा चकत्या याच रांगेतल्या होत्या.

"म्हाताऱ्या!" ती घरात येऊन ओरडली, पण तोंडातून शब्द बोबडे पडले. "डबा तिथं कुणी ठेवला?"

"मीच. घरात ठेवू नको म्हणून तूच बोंबललीस ना?"

"म्हणून दुधाच्या डोक्यावर?"

बाहिलायच्या हातात सुरी होती आणि मांडीवर सहाण. शनिवारची तयारी. ओग्दोने सगळं सांगितलं तसा त्याचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "बारातली एखादी असेल, नसेलही. तू कशाला जातेस सांगायला? बोललीस की किरिनास गेलीच म्हणून समज."

ओग्दो दाराशी उभी राहिली. खरंच, कशाला जायचं? कदाचित बाराही चांगल्या असतील. कोणी विचारणारही नाही. किती वेळ उभी होती ती, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिच्या डोळ्यांपुढे चाळीस पोरं आली, चमचे घेऊन बसलेली, आणि तिला स्वतःचाच राग आला. तिने तोंडावर शाल गुंडाळली आणि निघाली. त्या थंडीत पळायचं नसतं, छाती फाटते. ती पळाली.

बालवाडीच्या स्वयंपाकघरात रव्याची लापशी रटरटत होती. वितळवलेल्या चार चकत्यांच्या चार काड्या ओट्यावर ओळीने पडलेल्या.

"ओक्सिए, अगं बाई! एजी, काय झालं गं ताई?" आकुलिना म्हणाली. "तोंडाला रक्त कसलं?"

मागून लुईझा आली. काड्या परत न्यायला आले, असं ओग्दोला सहज म्हणता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंसुद्धा.

"वाढू नका," ती म्हणाली. "कोठारात पेट्रोल सांडलंय. दुधावर."

लुईझाचा चेहरा कठीण झाला. तिने पळीभर लापशी बशीत काढली आणि पुढे केली. "तुमचं दूध आहे. तुम्हीच सांगा."

ओग्दोने घास घेतला. सोललेल्या जिभेला नुसता चटका बसला. चव म्हणून काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला नाही कळत हो. चाखून चाखून जीभ गेली माझी."

"माझं तर नाकच बंद आहे," आकुलिना म्हणाली. "मला कांदा कळेना झालाय."

शेजारच्या खोलीत पोरांनी चमचे आपटायला सुरुवात केली होती. लुईझाने बशी ओढून घेतली. एक घास खाल्ला. थांबली. डोळे मिटून दुसरा खाल्ला.

"वास येतोय," ती म्हणाली.

ओग्दोने ओट्याची कड घट्ट धरली. "कसला?"

"गवताचा. गोठ्याचा पण थोडासा. माझ्या एबेकडे असायचा, आजीकडे." तिने तिसरा घास घेतला. "पेट्रोल नाही. वाढ, आकुलिना."

ओग्दो मटकन स्टुलावर बसली. पण लुईझाने तिला सोडलं नाही. उरलेल्या आठही चकत्या मागवल्या, प्रत्येकीचा तुकडा वेगळ्या बशीत वितळवला आणि एकेक नाकाशी धरली. सहाव्या बशीला तिने मान मागे घेतली.

"ही उद्या पातेल्यात पडली असती."

त्या चकतीकडे ओग्दोचा हात सवयीने गेला, वाया जाईल म्हणून, तर आकुलिनाने तो बाजूला केला. संपलं, ओग्दोच्या मनात आलं, आता शनिवार.

"भुकटीचं पोतं असं पळत येऊन सांगतं का कधी, लुईझा अफानास्येव्ना?" आकुलिना पातेलं खरवडत म्हणाली.

लुईझा हसली नाही. शेजारून रिकाम्या बश्या येत होत्या, चाटूनपुसून साफ केलेल्या. तिने त्या बघितल्या. "घरी किती आहेत?"

"साठ चाखायच्या राहिल्यात."

"चाखल्याशिवाय एकही आणायची नाही. एकेक बघून आणा. गवताचं मी समितीला आजच लिहून देते."

ओग्दो घरी आली तेव्हा बाहिलाय तसाच बसला होता, सहाण मांडीवर घेऊन. काय झालं हे विचारायचा धीर त्याला होईना. तिने सहाण उचलून बाकाखाली ढकलली. मग कोठारातून चकत्यांची पहिली थप्पी आणून त्याच्यासमोर ठेवली.

"ही सगळी?" तो म्हणाला.

"बालवाडीत जायच्यात. चाखून. सुरीवरून घेऊ नको, तळहातावर घे. आणि खोटं बोलायचं नाही."

बाहिलायने कीस काढला, तळहातावर धरला आणि जीभ लावली. बराच वेळ तोंडात घोळवला.

"चांगली आहे," तो म्हणाला.

"अजून एकोणसाठ," ओग्दो म्हणाली.