'द'चा 'र'

शाळेतली मुलं मास्तरांना पाठीमागे 'अकराबारा' म्हणायची. भाषेचा एक धडा ते दर वर्षी रंगून शिकवत. "एकादशचं अकरा झालं, द्वादशचं बारा. मधला 'द' गेला कुठे? घासून घासून त्याचा 'र' झाला. तिकडे लॅटिनमध्ये 'स'चा 'र' झाला. जीभ आळशी, बाळांनो! नीट टेकायचा कंटाळा आला की नुसती चाटून जाते."

निवृत्तीनंतर एका सकाळी ते बायकोला म्हणाले, "अगं, रार लाव."

बायको खो खो हसली. "काय हो, आता घरातच नवी भाषा काढताय?"

तेही हसले. मग दुधाचं 'रूध' झालं, दिव्याचा 'रिवा'. मास्तर आरशासमोर उभं राहून 'द, द' घोकू लागले. जीभ दातांपर्यंत जायची आणि तिथून सटकायची. पुढे पाण्याचा घोटही भलत्या वाटेने जाऊ लागला, तेव्हा बायकोचं हसू मावळलं.

डॉक्टरीणबाईंनी जीभ बाहेर काढायला लावली. ती जागच्या जागी थरथरत होती.

"मज्जातंतूंचा आजार दिसतोय. घराण्यात कुणाला होता?"

मास्तरांना मामा आठवला. बोलणं अडखळायचं म्हणून लोक त्याला दारुडा समजत. जेवताना घास अडकून तो गेला, तरी कुणी फारसं हळहळलं नव्हतं.

"कधी कधी हे रक्तातून येतं," बाई म्हणाल्या. "भावंडांनाही दाखवून घ्या."

भावंड एकच, परगावची धाकटी बहीण. तिला काय सांगायचं आणि कुठल्या तोंडाने, म्हणून मास्तर फोन टाळत राहिले. शेवटी बायकोनेच तो लावून त्यांच्या हातात दिला.

पलीकडून नेहमीचा खणखणीत आवाज आला, "रारा! किती रिवसांनी!"

मास्तरांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"हसू नकोस हं," ती म्हणाली. "नवी कवळी बसवलीय, म्हणून असं होतंय."

"कवळीच्या आधी नीट बोलत होतीस?"

ती घुटमळली. "तसं थोडं अगोररपासूनच... का रे?"

"इकडे ये. लगेच."

बहीण आपल्या लेकीला घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी बहिणीच्या जिभेजवळ बॅटरी नेली. तिथेही तीच थरथर होती. मग बाहेर बाकावर बसलेल्या लेकीकडे पाहून म्हणाल्या, "तुम्हीही आत या."