स्वस्तातला स्कोप आणि उस्मानभाईंचा उजवा डोळा

दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. मालावर निदान सेल तरी लावता येतो!

आमचं दुकान कुवेतमध्ये, अर्दियाला, गोदामांच्या रांगेत. शिकारीचं आणि कॅम्पिंगचं सामान. काउंटरवर दोघंच. मी चिपळूणचा, आणि उस्मानभाई श्रीवर्धनचे, माझ्यापेक्षा कितीतरी सीनियर. रायफलीवर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, हे खातं त्यांचं. कुवेती मालकाला आम्ही तोंडावर शेठ म्हणतो. पाठीमागे काय म्हणतो ते जाऊ द्या.

*

एक गिऱ्हाईक आलं. गाडी एवढी मोठी की आमचा दरवाजाच झाकला गेला. परवाना घेऊन परदेशी शिकारीला निघालेला माणूस. रायफल अशी की हात लावायला आम्ही आधी हात पुसले. आणि स्कोप बघताना म्हणतो, "बजेट टाइट है!"

उस्मानभाईंनी अदबीने सगळ्यात स्वस्त डबा काढला आणि मला मराठीत म्हणाले, "रायफलीला सोना, नि डोल्याला पितल!"

गिऱ्हाइकाला वाटलं मालाची तारीफ चाललीय. त्याने लगेच मान डोलावली.

*

बजेटवाल्यांची एक खोड असते. स्वस्त हवा, पण किती पट मोठं दिसणार तो नंबर मोठा हवा. बोट थेट चोवीसवर!

उस्मानभाई समजावायचे, की बाबा, त्याच पैशात नऊपर्यंतचा घे, काच चांगली मिळेल. दुपारी वाळवंटात हवाच थरथरते, चोवीसमधून ती थरथरच मोठी दिसणार. एक पोरगेला साहेब ऐकेना. "पण नऊपेक्षा चोवीस जास्त ना?"

"जास्तच की!" उस्मानभाई हसून मराठीत म्हणाले. "जुलाबाच्या गोल्यापन चोवीस घे!"

तो शुक्रन म्हणाला आणि चोवीसच घेऊन गेला.

*

सालमियाचे एक मराठी डॉक्टर आले. शिकारबिकार नाही, फिंतासच्या किनाऱ्यावर पक्षी बघायचे होते. पक्ष्यांसाठी साधी दुर्बीण घ्या म्हटलं, तर नाही, स्कोपच हवा. दहा मिनिटांत "आपण मराठी माणसं ना!" सुरू झालं. कुवेतमध्ये मराठी माणूस आठवतो तो डिस्काउंटच्या वेळीच!

उस्मानभाईंनी एक स्कोप डोळ्याला लावला, मागची रिंग फिरवली आणि पुढे केला. "एकदम क्लिअर!"

डॉक्टर म्हणाले, "अहो, धुरकट आहे." दुसरा दिला. तोही धुरकट. तिसराही.

डोळ्याजवळची ती रिंग चष्म्याच्या नंबरासारखी असते, बघणाऱ्याच्या डोळ्याला जुळवायची. मी गुपचूप बाकीचे स्कोप तपासले. शोकेसमधल्या प्रत्येकाची रिंग शेवटच्या टोकाला गेली होती! उस्मानभाई रोज सगळे पुसायचे आणि रोज स्वतःच्या डोळ्याला जुळवत बसायचे.

डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या डोळ्यात टॉर्च मारला. "पिकलेला मोतीबिंदू आहे, भाई. साधं ऑपरेशन. करा आणि थोड्या दिवसांनी कामावर या!"

एवढं सांगून डिस्काउंट घेऊन गेले. कामावर ठेवणार कोण, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

*

कारण गोदामातल्या ड्रायव्हरचं आम्ही बघितलं होतं. त्याचा गुडघा गेला. शेठनी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला, "आराम करो!" म्हणाले, आणि स्वतःच्या खर्चाने विमानात बसवला. तिकीट वन-वे होतं!

"लेकीचा नर्सिंगचा शेवटचा वरीस हाय," उस्मानभाई मला म्हणाले. "तेवढा निघू दे. मग घरी जाऊन दोन्ही डोले बदलून घेतो."

मी म्हटलं, "तोवर डाव्या डोळ्याने बघा की."

"येडा काय तू? इतकी वर्सा शेठनी मना उजव्यानंच बघताना बघितलाय. डावा लावला का त्याच दिवशी बॅग भरायला लागंल."

खरं होतं ते. तेव्हापासून रोज दुकान उघडलं की मी सगळ्या रिंगा परत जाग्यावर आणायचो आणि ते स्कोप पुसायला आले की चहाला पिटाळायचो. आयुष्यभर ज्या डोळ्याने दुसऱ्यांना नेम दाखवला, तोच लपवत फिरायचं! मला भयंकर चीड यायची. कोणावर काढणार? रिंगा फिरवत बसायचो.

*

आणि मग शेठचे मेहुणे आले. घरचा माणूस, म्हणजे बजेट आणखी टाइट! दोन स्वस्त स्कोप काउंटरवर ठेवून आमच्याशी शेठच्या मोडक्या हिंदीत चर्चा चालली होती. मेहुण्यांनी एक हातात घेतला, दारातून समोरच्या इमारतीकडे बघितलं, मनाशी काही ठरेना. पुढच्या काचेवर झाकणाची काळी टोपी बसवली आणि स्कोप शेठकडे दिला.

शेठ म्हणाले, "मेरा उस्मान देखेगा. उस्मान झूठ नहीं बोलता."

आणि त्यांनी तो तसाच उस्मानभाईंच्या हातात ठेवला. मी काउंटरच्या पलीकडे, हातात खोका. टोपी मला दिसत होती. "भाई" म्हणून हाक मारेपर्यंत त्यांनी डावा डोळा मिटला होता आणि उजव्याला स्कोप लावला होता.

ते थांबले. रिंग एकदा इकडे फिरवली, एकदा तिकडे फिरवली. त्यांच्या कपाळावर घाम आला. एसी चालू होता.

मग नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "फर्स्ट क्लास, शेठ! काच एकदम साफ. सामनेवाली टंकी पे कबूतर बैठा है, वो भी दिखता है!"

मेहुणे टोपीकडे बघत राहिले. शेठनीही बघितलं. मग त्यांनी मेहुण्यांचा हात धरून त्यांना गप्प केलं आणि अगदी हळू विचारलं, "उस्मान, कबूतर कितना है?"

उस्मानभाईंनी स्कोप डोळ्यावर आणखी घट्ट दाबला.

"दो है, शेठ!"