शिक्षक उपलब्ध नाहीत

आमच्या सरांचे किस्से लिहून ठेवायला मी दोनशेपानी वही आणली होती. वर्षभरात भरली! बायको म्हणाली, "आता दुसरी वही नको, बीपीची गोळी आणा."

सर म्हणजे आमचे आमदार. तीस वर्षं हेडमास्तर होते, मग निवडून आले. हेडमास्तरकी मात्र सुटली नाही. मी त्यांचा पीए, म्हणजे नाशिकच्या ऑफिसात बसून सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस.

*

हिराबाई चांदवडकडच्या एका वस्तीवरच्या. तिथल्या शाळेत वर्ग चार आणि मास्तर एक. तो मीटिंगला गेला की शाळेला कुलूप! दर सोमवारी एसटीनं येऊन त्या एकच विचारायच्या, "दादा, दुसरा मास्तर कव्हा येईल?"

"ताई, शिक्षकच उपलब्ध नाहीत हो!"

"पोरगी तिसरीत गेली. आजून वाचता येत नाय तिला."

मी चहा सांगायचो.

*

खटपटी करकरून विधानसभेत या प्रश्नासाठी तीन मिनिटं मिळवली. सर उभे राहिले, सभागृहात गोंधळ. सरांनी हाताची घडी घातली आणि गप्प! वर्ग शांत झाल्याशिवाय शिकवायचं नाही, ही सवय. वर्ग काही शांत होईना. घंटा वाजली, वेळ संपली.

बाहेर येऊन मलाच म्हणाले, "बेशिस्त तुकडी आहे."

"सर, पण शाळेचा प्रश्न?"

"पुढच्या तासाला."

मी डोकं आपटायला भिंत शोधत होतो.

*

मग मी शिक्षणमंत्र्यांचा साडू गाठला. आमच्याच पक्षाचा तालुकाध्यक्ष. तो मंत्र्यांची भेट घालून देणार होता. बैठक अकराची, गडी आला सव्वाअकराला. सरांनी दारातच अडवलं, "उशीर का? बाहेर उभे राहा!"

कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे चार कार्यकर्ते, आणि अध्यक्ष व्हरांड्यात उभे! आठवड्यात त्यानं पक्ष बदलला. भेट बोंबलली.

सर म्हणाले, "दाखला न नेताच गेला?"

*

शेवटी शिक्षण खात्याचा एक अधिकारी वस्तीच्या शाळेचा अहवाल घेऊन आला. सरांनी लाल पेन काढलं. "दहापैकी तीन. पुन्हा लिहून आणा." साहेब जे मेडिकल रजेवर गेले, ते फाइल कपाटात ठेवूनच!

"सर, निदान पाच तरी द्यायचे हो!"

"ग्रेस मार्क मी कधी दिले नाहीत."

*

मागच्या सोमवारी हिराबाई थेट केबिनमध्ये येऊन बसल्या. सरांनी त्यांच्यासमोरच खात्यात फोन लावला, स्पीकरवर. तिकडून तेच, "सर, शिक्षक उपलब्ध नाहीत." सरांनी फोन ठेवला आणि कपाळ धरून बसले. इतकं हरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं.

जरा विषय बदलावा म्हणून मी चहाचा कप पुढे केला. हिराबाईंनी विचारलं, "दादा, इथं लागायच्या आधी तुमी काय करायचे?"

"मी? अहो, मी मूळचा शिक्षकच! झेडपीच्या शाळेत नऊ वर्षं पहिली-दुसरी शिकवली. आता चार वर्षं इथं प्रतिनियुक्तीवर. पगार शाळेचा, काम सरांचं!" मी ऐटीत सांगितलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघत राहिले.

हिराबाईंनी चहा संपवला, पिशवी उचलली.

"मास्तर, आमच्याकडं शाळा साडेधाला भरती."