जखम नसलेली पट्टी

आमच्या सिनेमाचे किस्से हैदराबादेत कोठीच्या इराणी हॉटेलात इतक्यांदा झालेत, की चहा आणणारासुद्धा मधेच पुढचं वाक्य सांगून जातो. सगळे हसतात. मीही हसतो, पण घरी जाताना कान तापलेले असतात. कारण त्या सिनेमाचे संवाद माझे होते. म्हणजे, माझ्या अक्षरात होते!

जग संपल्यावर उरलेला एक बहाद्दर आणि त्याच्यामागे लागलेले मुडदे, असा हिंदी सिनेमा आम्ही काढला. दिग्दर्शक गौलीगुड्याचा भास्कर, माझा शाळेपासूनचा दोस्त. कॅमेऱ्यावर जब्बारभाई. गल्लीगल्लीत नुकत्याच टीव्हीच्या डिश लागल्या होत्या, आणि बाहेरच्यांना जमतं ते आपल्यालाही जमेल असं वाटायचे ते दिवस होते.

कथा आली जब्बारभाईंच्या मेव्हण्याने आखातातून आणलेल्या एका इंग्रजी कॅसेटमधून. ती पाहून मी म्हणालो, "अरे भास्कर, ही तर सरळसरळ कॉपी होईल!"

भास्कर भडकला. "कॉपी नाही, मानवंदना!"

जब्बारभाईंना शब्द कळेना. मी सांगितलं, सलामी.

"हौ, सलामी अच्छी चीज है," ते म्हणाले. "लेकिन मियाँ, सलामी देते वखत सामनेवाले की टोपी उतारके अपने सर पे नहीं रखते!"

*

तो शब्द मग युनिटभर पसरला. माझ्या डब्यातलं भरलं वांगं रोज गायब व्हायचं. एकदा लाइटवाल्याला रंगेहाथ पकडलं, तर तोंड पुसत म्हणतो, "चोरी नक्को बोलो साब, मानवंदना दिया!"

*

भास्करचे वडील, नाना, मराठी शाळेत गणिताचे मास्तर होते. परीक्षेला त्यांचं सुपरव्हिजन आहे म्हटलं की वर्गातल्या निम्म्या पोरांना घाम फुटायचा. कॉपी करणारा त्यांना पाठमोरा ओळखू यायचा.

या नानांना भास्करने सांगितलं, "कथा माझी आहे." पोस्टरवरही छापलं, "कथा : भास्कर". नानांनी ते पोस्टर घरात देवांच्या फोटोंशेजारी लावलं. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि पोस्टरकडे पाठ करून बसलो.

*

कॅसेट आखातातल्या टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली होती. मधे अजान लागायची, आणि ती संपेपर्यंत सिनेमा बराच पुढे गेलेला असायचा. एका ठिकाणी अजानच्या आधी हिरो धडधाकट, आणि नंतर त्याच्या डाव्या हाताला ही मोठी पट्टी!

काय झालं असेल? मुडदा चावला? पडला? दारात बोटं सापडली? आम्ही वाद घातला. भास्करने तो मिटवला. "त्यांच्यात पट्टी आहे ना? मग बांधा!"

आमच्या हिरोने बिचाऱ्याने विचारलं, "भाई, जखम कैसी है? दर्द कितना दिखाऊं?"

भास्कर म्हणाला, "कॅसेट में जितना है उतना!"

*

मुडद्यांच्या हल्ल्याचं शूटिंग मलकपेठच्या मागच्या एका वस्तीत होतं. मुडदे त्याच वस्तीतले, तोंडाला राख फासलेले. कॅमेरा सुरू झाला, मुडदे हिरोवर झेपावले आणि नेमका पाण्याचा टँकर आला!

हिरोला तिथेच टाकून सगळे मुडदे बादल्या-घागरी घेऊन पळाले. एक म्हातारी परत फिरून हिरोला म्हणाली, "बेटा, ज़रा पाइप पकड!" त्याने पट्टीच्या हाताने पाइप धरला. जब्बारभाईंनी कॅमेरा बंद केलाच नाही.

भास्कर किंचाळला, "काढून टाका ते! ओरिजिनलमध्ये नाहीये!"

शेवटी सिनेमाची लांबी कमी पडली, म्हणून ते ठेवावं लागलं.

*

पहिल्या खेळाला नाना इस्त्रीचं धोतर नेसून आले. सोबत त्यांचे जुने विद्यार्थी. आल्यागेल्याला सांगत होते, "कथा आमच्या भास्करची." मला खुर्चीखाली जावंसं वाटत होतं. भास्कर तर आत आलाच नाही. दाराशी उभा राहून नानांच्या पाठीकडे बघत राहिला.

टँकरच्या वेळी थिएटर खळखळून हसलं आणि मग एकदम गप्प झालं. नाना पुढे सरकून बघत होते.

खेळ सुटल्यावर आम्ही तिघं बाहेर उभे होतो. नाना आले.

"टँकरचं फार छान जमलंय रे," ते म्हणाले. "असं मी कुठे पाहिलं नव्हतं."

भास्कर चपलेकडे बघत होता.

"एक तेवढं कळलं नाही. त्या पोराच्या हाताला झालं काय होतं?"

जब्बारभाई उगाच चष्मा पुसायला लागले.

नानांनी भास्करकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत भास्करकडे. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हा तिघांखेरीज कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "शेजारच्याच्या पेपरात काय लिहिलं होतं?"