थायरॉइडचे व्रत

माझ्या थायरॉइडच्या गोळीमुळे पेरुंगुडीतल्या आमच्या इमारतीत एक नवे व्रत सुरू झाले, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

डॉक्टरांनी बजावले होते, "सकाळी सहाला, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. पुढे तासभर कॉफी नाही, दूध नाही!" घरी आल्यावर माझी पत्नी सुमन हिने त्यात भर घातली, "तीन महिन्यांत रक्तातला टीएसएच उतरला नाही, तर तुमची कॉफी कायमची बंद." चेन्नईत राहून कॉफी बंद! त्यापेक्षा बदली परवडली असती. (बँकेने मात्र मला दोन वर्षांपूर्वीच निवृत्त केले होते.)

अडचण होती ती समोरच्या जानकीमामींची. मामी तंजावरच्या मराठी. सहाला दारात तांदळाच्या पिठाचा कोलम काढून झाला, की दिसेल त्याला कॉफी पाजायची, हा त्यांचा शिरस्ता. मी पेपर उचलायला वाकलो, तो नाकासमोर वाफाळता टंबलर!

"घ्या हो राव, पहिलं डिकॉक्शन आहे!"

'मला थायरॉइड आहे' एवढेच म्हणायचे होते. पण तो बायकांचा आजार, असा माझा सुशिक्षित गैरसमज. शिवाय मामींना कळले, म्हणजे लिफ्टलाही कळले! मी पुटपुटलो, "सात वाजेपर्यंत... व्रत आहे."

"अय्यो! कुठल्या सामीचं?"

"ते... सांगायचं नसतं."

झाले! ज्याचा देवही सांगायचा नाही, ते व्रत कडकच असणार. आठवड्याभरात आमचा मजला सातपर्यंत कॉफीवाचून बसू लागला, पंधरवड्यात वरचाही. लिफ्टमध्ये लोक मला आधी आत सोडू लागले. एक गृहस्थ तर मुलीची पत्रिका दाखवून गेले!

त्यातच मामींना माझी दया आली. "व्रताला दूध चालतं की, राव! मला नुसतं दूध पचत नाही, तुम्ही तरी घ्या." रोज सहा वाजून पाच मिनिटांनी वेलचीचे गरम दूध येऊ लागले. ग्लास रिकामा होईतो मामी समोर उभ्या! नाही म्हणायला दुसरे व्रत सुचेना. मी प्यालो. तीन महिने प्यालो!

तपासणीत टीएसएच दुप्पट निघाला. "गोळीनंतर काय घेता?" डॉक्टरांनी विचारले. मी छताकडे पाहिले. सुमनने माझ्याकडे पाहिले.

"कॉफी बंद!"

बाहेर आलो, तर बाकावर जानकीमामी!

"राव! आठ वर्षांनी माझा थायरॉइड ताळ्यावर आला हो! मी गोळी रोज कॉफीबरोबरच गिळत होते. तुमचं व्रत धरलं, आणि गोळी सहाला पाण्याबरोबर राहिली, कॉफी आपसूक सातवर गेली. तुमचा सामी पावला!" आणि त्या भर दवाखान्यात मला वाकून नमस्कार करू लागल्या. "आता उद्यापन कसं करायचं, तेवढं सांगा."

खरे सांगायची हीच वेळ होती. "बोला ना!" सुमन कुजबुजली. मी घसा खाकरला, आयुष्यभराचे धैर्य एकवटले आणि म्हणालो, "इमारतीतल्या सर्वांना कॉफी पाजायची असते."

रविवारी दोन्ही मजले गच्चीवर मनसोक्त कॉफी प्याले. व्रताचा संस्थापक या नात्याने वाढण्याचा मान माझा होता!