चौऱ्याहत्तर पूर्णांक अठ्ठावन्न

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी सी लँग्वेज शिकवते, तिथला हजेरीचा प्रोग्रॅम मीच लिहिलेला. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. मात्र साडेचौऱ्याहत्तर किंवा त्याहून जास्त असेल तर पंचाहत्तर धरायची, असा आमच्याकडे नियम.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी सकाळी लोह्याहून एसटीने येणारी एक मुलगी माझ्याकडे आली. यादीत तिच्यापुढे चौऱ्याहत्तर होते. तिने वहीत तास मोजून ठेवले होते, दोनशे चाळीसपैकी एकशे एकोणऐंशी. "मॅडम, एकदा बघता का? माझं उत्तर वेगळं येऊन राहिलंय," एवढंच ती म्हणाली. कम्प्युटर चुकत नाही, असं मी तिला सांगितलं. ती गेली.

दुपारी डबा उघडला तरी ते आकडे डोक्यातून जाईनात. मोबाईलवर भागून पाहिलं. चौऱ्याहत्तर पूर्णांक अठ्ठावन्न. डबा तसाच टाकून लॅबमध्ये गेले आणि प्रोग्रॅम उघडला. टक्केवारी मी फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशासकट, नीट काढली होती, आणि पुढच्याच ओळीत ती सरळ इंटमध्ये, म्हणजे पूर्ण संख्येच्या खान्यात, घातली होती. असं केलं की सी जवळची पूर्ण संख्या शोधत बसत नाही, दशांश चिन्हापुढचं सगळं टाकून देते. हे मी दर वर्षी शिकवते, परीक्षेत त्यावर प्रश्नही काढते.

अडीच वाजले होते, पाचला फॉर्मची खिडकी बंद होणार होती. तिचा फोन बंद. ऑफिसातून वडिलांचा नंबर घेतला. चूक माझी आहे, तिला ताबडतोब पाठवा, असं मी त्यांना दोनदा सांगितलं.

"ती अजून घरी आलीच न्हाई, मॅडम," ते म्हणाले.

मी रिक्षा करून एसटी स्टँडवर गेले. सगळ्या वाटेत नको ते विचार येत होते. ती लोह्याच्या फलाटावर बाकावर बसलेली दिसली. घरी काय सांगायचं ते सुचेना म्हणून एकेक गाडी सोडत होती. पावणेपाचला तिचा फॉर्म भरला गेला.

प्रोग्रॅममध्ये जवळची पूर्ण संख्या देणारं राउंड फंक्शन घालायला एक मिनिटही लागलं नाही. पण गेल्या वर्षीची यादीही याच प्रोग्रॅमने काढली होती. ती उघडायचं धाडस करायला मला दोन दिवस लागले. त्यात धर्माबादचा एक मुलगा निघाला, दोनशे चव्वेचाळीसपैकी एकशे ब्याऐंशी. त्याचं वर्ष गेलं होतं आणि तो पुन्हा त्याच वर्गात बसत होता.

प्राचार्यांना मी लेखी कळवलं. गेलेलं वर्ष परत देता येणार नाही, असं ते म्हणाले. मग मुलाला बोलावून सगळं सांगितलं, माफी मागितली. चूक कुठली ते त्याने विचारलं. मी ती ओळ दाखवली. त्याने ती बराच वेळ वाचली.

"घरी मी सांगितलं होतं की मीच तास बुडवले," तो म्हणाला. "मला पण तसंच वाटून राहिलं होतं."

त्याच्या वडिलांच्या नावाने मी पत्र लिहून दिलं. ते त्यांनी वाचलं का, वाचून काय म्हणाले, हे विचारायचं अजून माझ्याच्याने झालेलं नाही.